आधी पाणी, मग फळ: मेक्सिकोची आग्वास फ्रेस्कास घरच्या घरी

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मुलीच्या वाढदिवसाला मे महिन्यात वीसेक माणसं जमणार आहेत आणि मुलीला मेक्सिकन पद्धतीची फळांची पाणी ठेवायची आहेत. त्यांनी आधी घरी करून पाहिली. कलिंगडाचं पाणी बेचव झालं आणि दहा मिनिटांत त्याचे थर पडले. तांदळाचं ओर्चाता पेजेसारखं चिकट झालं. बाजारातून आणलेल्या सुक्या लाल फुलांच्या पाण्याला रंग आला, पण आंबटपणा नावालाही नाही. काय चुकलं, साखर किती घालायची आणि आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, असं त्यांना हवं आहे.

ताई, मी चार वर्षं मेक्सिकोत पुएब्ला शहरात राहिले. परत आल्यापासून गेली बारा वर्षं पुण्यात दर उन्हाळ्यात ही पाणी ऑर्डरने करून देते आणि शिकवतेही. शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या हातून पहिल्यांदा रस होतो, आग्वा होत नाही. तुमच्या बाबतीतही निम्मी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं. म्हणून कृतीकडे वळण्याआधी थोडं बोलते.

स्पॅनिशमध्ये 'आग्वा' म्हणजे पाणी. आग्वा फ्रेस्का म्हणजे गार, ताजं पाणी. मेक्सिकोत फळाच्या निव्वळ रसाला 'हुगो' म्हणतात आणि दुधात घुसळलेल्या फळाला 'लिकुआदो'. सकाळी गाडीवर जाऊन लोक हे दोन्ही पितात, त्यांनी पोट भरतं. आग्वा मात्र दुपारच्या जेवणाबरोबरची गोष्ट. तिथल्या छोट्या खानावळीला 'फोंदा' म्हणतात आणि ठरलेल्या थाळीला 'कोमिदा कोरिदा'. आधी सूप, मग भात, मग मुख्य पदार्थ, आणि टेबलावर त्या दिवशीच्या पाण्याचा जग. आज कलिंगड, उद्या चिंच, परवा खरबूज. आपण ताटाशी तांब्या-भांडं ठेवतो, तसा तो जग.

त्यामुळे आग्वाची परीक्षा साधी आहे. तिखट जेवणाबरोबर तीन पेले पिऊन झाले तरी चौथा घ्यावासा वाटला पाहिजे. एका पेल्यात मन भरलं तर ते चांगलं सरबत असेल, मिल्कशेक असेल, पण आग्वा नव्हे. फळाने पाण्याला फक्त चव द्यायची असते. आपल्याकडे कोकम सरबत किंवा पन्हं करताना आधी घट्ट अर्क करतो आणि मग पाण्यात कालवतो. आग्वात बहुतेक वेळा अर्क नसतोच. पाणी मोजायचं, त्यात मावेल एवढं फळ घ्यायचं, आणि आज केलेलं आजच संपवायचं.

मऊ, रसाळ फळं (खरबूज, अननस, पपई, पेरू) सोलून, बिया काढून अर्धा किलो भरली की त्यात एक ते सव्वा लिटर पाणी. कलिंगड अपवाद, त्याचं पुढे सांगते. साखर कधीही थेट गार पाण्यात टाकू नका. ती तळाशी बसते, आपण चाखून आणखी घालतो, आणि तासाभराने सगळं गोडमिट्ट होतं. साखरेइतकंच पाणी घेऊन गरम करा, साखर विरघळली की गॅस बंद. तार यायची गरज नाही. हा पातळ पाक गार करून बाटलीत ठेवा आणि चव बघत घाला. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून शेवटची चव पाणी गार झाल्यावरच घ्यायची. कोमट असताना 'जरासं जास्त गोड झालं' असं वाटलं तर बहुधा ते बरोबर असतं.

लिंबाचा उपयोग आंबट करण्यासाठी नाही, फळाची चव पुढे आणण्यासाठी आहे. मेक्सिकोत 'लिमोन' म्हणून जे छोटं, पातळ सालीचं, हिरवं-पिवळं लिंबू रोज वापरतात, तेच वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने आपलं कागदी लिंबू. लिंबाच्या बाबतीत आपल्याला पर्याय शोधावा लागत नाही, याचं मला फार समाधान वाटतं. रस मात्र अगदी शेवटी पिळायचा. लिंबू पिळून दोन तास ठेवलं तर वास उतरतो आणि कडवटपणा डोकावतो. चिमूटभर मीठ चालेल, जिभेला कळणार नाही एवढंच. चाट मसाला, काळं मीठ, जिरेपूड नको. मेक्सिकोतले लोक कापलेल्या फळांवर लिंबू आणि तिखट भुरभुरवतात, चिंचेच्या गोळ्यांतही तिखट असतं, पण जेवणाबरोबरचं आग्वा स्वच्छ चवीचं ठेवतात.

आता कलिंगड. ते बेचव झालं कारण कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नसतोच, आणि तुम्ही बहुधा इतर फळांएवढंच पाणी घातलंत. कलिंगडाचा गर हा मुळात पाणीच असतो. त्यात गराच्या वजनाएवढंच पाणी घालायचं, एक किलो गराला एक लिटर. दोन लिटर पाण्याला दोन लिंबं, दोन चिमूट मीठ आणि ५० ग्रॅमच्या आसपास साखर. फळ चांगलं गोड असेल तर साखर वगळली तरी चालते. साल सोलताना पांढरा भाग अजिबात राहू देऊ नका, त्याने काकडीसारखा हिरवट वास येतो. मिक्सरला फक्त तीन-चार झटके द्यायचे. जास्त फिरवलं तर फेस येतो, बिया फुटतात आणि त्यांची तुरट चव उतरते. मग मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळायचं, कापडातून नाही. कापडाने रंगाबरोबर चवही मागे राहते.

थर पडले ही चूक नाही. कलिंगडातला लाल गर पाण्यात विरघळत नाही, तरंगतो किंवा बसतो. मेक्सिकोच्या बाजारात आग्वा विकणाऱ्याकडे 'वित्रोलेरो' नावाच्या मोठ्या, पोट सुटलेल्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीत एक लांब दांड्याचं ओगराळं. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला देण्याआधी तळापासून ढवळतो, मगच भरतो. तुम्हीही तेच करायचं. थर पडू नयेत म्हणून कुणी त्यात डिंक वा कॉर्नफ्लोअर घालायला सांगितलं तर ऐकू नका.

तुमच्या लाल फुलांच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे कृती चुकली नाही, वस्तू चुकली. मेक्सिकोत जिला 'हमाइका' म्हणतात (लिहितात 'जमैका'च्या स्पेलिंगने, पण स्पॅनिशमध्ये त्या जागी ह ऐकू येतो) ते खरं तर फूलच नाही. फूल गळून गेल्यावर फळाभोवती मांसल, लाल, आंबट पाकळ्यांसारखं आवरण उरतं, ते वाळवलेलं असतं. मूळ आफ्रिकेतलं झाड. मेक्सिकोत त्याची सर्वांत जास्त लागवड पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गेरेरो राज्यात होते. आणि हे झाड आपल्या ओळखीचं आहे: लाल अंबाडी. जिच्या पाल्याची कण्या घालून भाजी करतो आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो, त्याच अंबाडीची लाल बोंडं. विदर्भात, मराठवाड्यात त्या बोंडांची चटणी आणि सरबत करणारी घरं आहेत. पावसाळी पीक असल्याने ताजी बोंडं साधारण दिवाळीनंतर मिळतात. तुम्ही मे महिन्यासाठी सुकीच घेणार.

बाजारात 'हिबिस्कस' लिहिलेल्या पाकिटात मात्र बरेचदा जास्वंदीच्या सुकवलेल्या पाकळ्या असतात. अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, इंग्रजी नावही एकच, पण जास्वंदीला तो आंबटपणा नाही. तुम्हाला रंग मिळाला आणि चव मिळाली नाही, म्हणजे तुमच्या पाकिटात जास्वंद होती असं मी जवळपास खात्रीने म्हणेन. ओळखायची खूण अशी: जास्वंदीची पाकळी कागदासारखी पातळ असते, चुरगळते. अंबाडीचं बोंड जाड, चिवट, पाच बोटं मिटल्यासारखं असतं, आणि तुकडा जिभेवर ठेवला की आमसुलासारखा आंबट लागतो. दुकानात एक तुकडा चाखूनच घ्या.

दोन लिटर पाण्याला ५० ग्रॅम सुकी बोंडं. ती गार पाण्यातून चटकन एकदा धुवायची, कारण वाळू असते. भिजत ठेवायची नाहीत, रंग त्या पाण्यातच जाईल. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी उकळून त्यात टाका, मंद आचेवर पाच मिनिटं, मग झाकण ठेवून वीस मिनिटं तशीच. गाळून उरलेलं पाणी गार घाला. साखर दोन लिटरला १६० ते १८० ग्रॅम लागते, कारण आंबटपणा दणदणीत असतो. ॲल्युमिनियम किंवा बिनकलईचं पितळी भांडं इथे वापरायचं नाही, आंबट अर्क धातूला लागतो. बोअरवेलच्या जड पाण्यात या लाल रंगाला मळकट जांभळी छटा येते. तसं झालं तर लिंबाचे दोन थेंब घाला, लाल परत उजळतो. गाळून उरलेली बोंडं टाकू नका. मेक्सिकोत ती कांदा-लसणावर परतून टाकोत भरतात. मी त्यात थोडा गूळ आणि हिरवी मिरची घालते, पोळीबरोबर चटणीसारखी छान लागतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे पाणी रोज, मोठ्या प्रमाणात पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरू शकतो.

चिंचेचं पाणी आपल्या हाताला सगळ्यांत सोपं. 'तामारिंदो' हा शब्द अरबी 'तमर हिंदी'वरून आला, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. स्पॅनिश लोकांबरोबर चिंच मेक्सिकोत गेली आणि आज ती तिथल्या कोरड्या, उष्ण किनारपट्टीवर अशी रुजली आहे की पुएब्लाच्या बाजारातल्या बाईला मी 'हे आमच्याकडचं' म्हटलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. उलट दिशेनेही तेवढंच आलं. पपई, पेरू, सीताफळ, अननस ही सगळी अमेरिका खंडातली फळं पोर्तुगीज काळात आपल्या किनाऱ्यावर उतरली. 'अननस' हा आपला शब्दही पोर्तुगीजच. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को या बंदरांदरम्यान स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. मेक्सिकोत आंबा पोचला तो या वाटेने, आणि तिथल्या एका लाडक्या आंब्याचं नाव आजही 'मनिला' आहे.

तर कृती: चिंचोके आणि शिरा काढलेली १२० ग्रॅम चिंच, शक्यतो या वर्षीची. काळी पडलेली जुनी चिंच आमटीला छान, पण पाण्याला तिच्यामुळे जळकट चव येते. अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं मंद उकळून, गार झाल्यावर हाताने कोळ काढा आणि गाळून दोन लिटर करा. इथे साखरेऐवजी गूळ चालतो. मेक्सिकोत उसाच्या रसाचा शंकूच्या आकाराचा गूळ मिळतो, त्याला 'पिलोन्सियो' म्हणतात, आणि काही घरं चिंचेला तोच लावतात. आपला गूळ त्याहून खारट असू शकतो, तेव्हा मीठ घालू नका.

ओर्चाता मात्र सवडीने समजावून घ्यायला हवं, कारण इथे सगळ्यांत जास्त गडबड होते. लिहिताना सुरुवातीला 'ह' असतो, पण तो उच्चारत नाहीत. स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात, ओर्चाता 'चुफा' नावाच्या छोट्या कंदांपासून करतात. मेक्सिकोत ते तांदूळ आणि दालचिनीचं झालं. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, गाळायचा. शिजवायचा नाही. शिजवलं की पेज. तुमचं चिकट झालं म्हणजे तीनपैकी एक झालं असणार: पाणी कढत होतं, तांदूळ चिकट जातीचा होता, किंवा मिक्सर इतका वेळ चालला की मिश्रण तापलं. तांदळातलं पिठूळ सत्त्व ६५-७० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगायला लागतं, मग ते कितीही गाळलं तरी घोटाला चिकटपणा राहतो.

इंद्रायणी नको, नवा तांदूळही नको. जुना कोलम किंवा कुठलाही लांब, मोकळा शिजणारा तांदूळ घ्या. आंबेमोहोर मला आवडत नाही, त्याचा स्वतःचा वास दालचिनीशी भांडतो. २०० ग्रॅम तांदूळ चार पाण्यांनी धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. त्यात दोन बोटं लांब दालचिनी मोडून टाका आणि तीन वाट्या गार पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा, फ्रीजमध्ये.

फ्रीजमध्ये हे मी मुद्दाम सांगते आहे. पुण्यातल्या पहिल्याच मे महिन्यात मी पातेलं ओट्यावर ठेवून झोपले. पुएब्ला समुद्रसपाटीपासून २१०० मीटरहून उंच आहे, रात्री गारवा असतो, तिथे चालून जायचं. इथे सकाळी पाण्याला बारीक बुडबुडे आणि आंबूस वास होता. सगळं ओतून दिलं आणि त्या दिवशीची ऑर्डर मला रद्द करावी लागली. कच्च्या तांदळात असे जिवाणू असतात की उबदार, ओलसर जागी ते झपाट्याने वाढतात आणि पोट बिघडवतात. ओर्चाता नेहमी गार ठेवायचं आणि दोन दिवसांत संपवायचं, यात मी कुणालाही सूट देत नाही.

दालचिनीबद्दल. मेक्सिकोत जिला 'कानेला' म्हणतात ती श्रीलंकेची खरी दालचिनी, पातळ सालींच्या अनेक घड्यांची, बोटांनी चुरडता येणारी. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती बहुधा जाड, लाकडासारखी, एकाच वळणाची. ती तिखट असते आणि मिक्सरमध्ये नीट वाटलीही जात नाही. कोकणात खऱ्या दालचिनीची लागवड होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात त्यातलीच. कोकणातून येणाऱ्या कुणाला सांगून पावशेर मागवली तर वर्षभर पुरते. जाड दालचिनीच वापरायची असेल तर निम्मी घ्या आणि वाटण्याआधी काढून टाका.

सकाळी भिजवलेलं सगळं, पाण्यासकट, मिक्सरमध्ये दोन वेळा वाटायचं, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, मध्ये थांबून. बारीक रव्यासारखं झालं की पुरे. ओल्या मलमलच्या कापडातून किंवा जुन्या मऊ पंचातून गाळा, पण पिळताना जीव काढू नका. शेवटचा घट्ट भाग निघाला की घोट खरखरीत होतो. मग गार पाणी घालून दोन लिटर करा, १४० ग्रॅम साखरेचा पाक आणि व्हॅनिलाचे काही थेंब. व्हॅनिला ही मेक्सिकोचीच वेल, वेराक्रुझ राज्यातल्या पापांत्ला भागात तोतोनाक लोकांनी ती जोपासली, तेव्हा इथे तिचा मान आहे. काही घरं यात कपभर दूध घालतात. माझ्या मते नुसत्या तांदळाचं जास्त हलकं लागतं, आणि उन्हाळ्यात टिकायच्या दृष्टीनेही बरं. कापडात उरलेला चोथा घावनाच्या पिठात मिसळा, दालचिनीचा वास असलेली घावनं मुलांना आवडतात.

खरबुजाच्या बियांचंही ओर्चाता होतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. ठंडाईत आपण मगज घालतो, त्याच जातीची गोष्ट. खरबूज कापल्यावर बिया त्यांच्या चिकट गरासकट दोन वाट्या पाण्यात टाकून वाटा, मलमलीतून गाळा, थोडा पाक आणि लिंबू. एका खरबुजाचे दोन-तीन पेले होतात, आणि ज्या वस्तूला आपण कचऱ्यात टाकत होतो तिची चव जेव्हा पहिल्यांदा कळते, तेव्हा आधीची सगळी खरबुजं आठवून हळहळ वाटते.

बाकीची फळं भरभर सांगते. अननस आणि पपई दुधाबरोबर कधीच नाही. दोन्हींत प्रथिनं तोडणारी पाचकद्रव्यं असतात, दूध थोड्याच वेळात कडू होतं. पाण्यात मात्र दोन्ही उत्तम. पेरूच्या बिया दगडासारख्या, म्हणून दोनच झटके आणि गाळणी. गुलाबी पेरू असेल तर लिंबू जरा जास्त. काकडी सालीसकट, लिंबू आणि पुदिन्याची चार पानं, तासाभरात प्यायची. लिंबाचं हिरवं आग्वा करायचं तर धुतलेल्या लिंबाच्या बिया काढून, सालीसकट फोडी करून गार पाण्यात टाका, मिक्सर पाच सेकंद, आणि त्याच क्षणी गाळा. दहा सेकंद झाले तर सालीचा कडूपणा उतरतो.

त्या लिंबाच्या पाण्यात मेक्सिकोत चिया घालतात. चिया तिथली फार जुनी, आस्तेक लोकांच्या रोजच्या आहारातली. एकोणिसाव्या शतकात मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर चियाचं पाणी विकणाऱ्या बायकांना 'चिएरा' म्हणत. आपला सब्जा वेगळा. दोन्ही तुळशीच्या कुळातले, पण सब्जा दहा-पंधरा मिनिटांत टपोरा फुगतो आणि चियाला अर्धा तास तरी लागतो. एक लिटरला एक मोठा चमचा, टाकल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा ढवळायचं, नाहीतर गठ्ठा होतो. सब्जा वापरलात तर मला काही गैर वाटत नाही. फालुद्यामुळे मुलांच्या ओळखीचा असतो.

बरण्या, ओगराळं, खूप माणसं हे चित्र मनात आलं की मला ओआहाका शहर आठवतं. लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. त्यातल्या चौथ्या शुक्रवारी तिथे 'ला सामारिताना' साजरी करतात. विहिरीवर येशूने जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी बाईची आठवण म्हणून चर्चपुढे, शाळांपुढे, दुकानांपुढे फुलापानांनी सजवलेल्या मांडवात बरण्या मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्वा फुकट देतात. पुएब्लाहून आम्ही एकदा त्या दिवशी गेलो होतो. डोकं तापवणारं ऊन आणि कुणी काही न विचारता हातात पेला ठेवत होतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पाणपोई घालतात, माठाला ओलं फडकं गुंडाळून, तेच. तिथल्या ओर्चातात फड्या निवडुंगाच्या लाल बोंडाचा गर, खरबुजाचे बारीक तुकडे आणि अक्रोडासारखे सुके दाणे वरून टाकतात. ढवळलं की पांढऱ्यात लाल रेघा उमटतात. तुमच्या मुलीला ही सजावट करून द्या. निवडुंगाच्या बोंडाऐवजी शिजवलेल्या बिटाचा चमचाभर रस खाली सोडला तरी रेघा येतात.

आता तुमच्या वीस माणसांचं. माणशी दोन पेले धरले तर दहा लिटर लागेल. मी ११ लिटर करीन, मे महिना आहे. हमाइका चार लिटर, कलिंगड चार, ओर्चाता तीन. सामान: १०० ग्रॅम अंबाडीची बोंडं, दोन किलो कलिंगडाचा गर (म्हणजे साडेतीन-चार किलोचं फळ), ३०० ग्रॅम तांदूळ, पाकासाठी किलोभर साखर आणि डझनभर लिंबं. साखर थोडी उरेल, उरू दे.

दोन दिवस आधी बोंडांचा अर्क उकळून, गाळून, पाणी न वाढवता फ्रीजमध्ये ठेवा. तो चार दिवस चांगला राहतो. चिंच करायची असेल तर तिचा कोळही तसाच. आदल्या रात्री तांदूळ भिजवा आणि पाक करून ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ओर्चाता वाटून, गाळून लगेच फ्रीजमध्ये. कलिंगड मात्र पाहुणे यायच्या तासभर आधी, त्याआधी नाही. आदल्या दिवशीचं कलिंगडाचं पाणी मी कुणाला पाजत नाही, त्याला शिळ्या भाजीसारखा वास येतो.

पाणी सगळीकडे गाळलेलं किंवा उकळून गार केलेलं, आणि बर्फही त्याच पाण्याचा. मेक्सिकोतल्या घरांत यासाठी २० लिटरचा शुद्ध पाण्याचा जार वेगळा ठेवलेला असतो. बाजारातली बर्फाची लादी बरणीत टाकू नका, ती बाहेरून भांड्याभोवती लावायला ठीक. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या दिवशी थोडं हमाइका बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वितळलं तरी पाणी फिकं पडत नाही, आणि तेच खडे कलिंगडातही छान दिसतात.

भांडं रुंद तोंडाचं हवं. नळाचं पिंप नको. कलिंगडाचा गर नळात अडकतो, आणि ओर्चातातली तांदळाची साय तळाशी बसत असल्याने पहिल्या चार जणांना गाळ आणि शेवटच्यांना नुसतं पाणी मिळतं. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरण्या घरात असतीलच. सोड्याने दोनदा धुऊन दिवसभर उन्हात ठेवा, तेलाचा वास जाईपर्यंत. प्रत्येक बरणीत वेगळं ओगराळं, आणि एक माणूस वाढायला. मुलीची एखादी मैत्रीण असेल तर तिला एवढंच सांगा: तळापासून दोनदा ढवळायचं, मगच पेला भरायचा.